दोघींत एक पंप

साहेब, तुम्ही खोटं बोललात. भर मांडवात, माइक चालू असताना, हार घातलेल्या पाहुण्यांच्या शेजारी बसून खोटं बोललात. "मी पाहिलं नाही," असं म्हणालात. तुम्ही पाहिलं होतं.

तुमचं नाव मी लिहीत नाही. त्या दिवशी मांडवात मुख्य पंच एकच होता, तेवढी ओळख पुरे. या गोष्टीत तुम्ही येता ते सकाळच्या तपासणीच्या टेबलापाशी. त्याआधीचं तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही विचारलं नाही. ते सांगते, मग आपण टेबलापाशी येऊ.

"दाब," शमीम म्हणाली.

तालुक्याच्या बाजारात सायकलीच्या दुकानात आम्ही उभ्या होतो. तिनं पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून धरला होता. मी दांडा आत ढकलला. हवा अंगठ्याकडे आलीच नाही, माझ्याच मनगटावर फुस्स करून गेली.

"ह्याला दमा हाय," शमीम म्हणाली. "दुसरा दाखवा."

दुसरा लाल प्लॅस्टिकचा होता. दिसायला देखणा, वजनाला हलका. दोनदा दाबल्यावर त्याचा दांडा बाहेरच राहिला, आत जाईना.

"पोरींनो, घ्यायचाय का नुसतं खेळायचंय?" दुकानदार म्हणाला.

"घ्यायचाय. पण हवा येणारा."

त्यानं कोपऱ्यातला उभा पंप दाखवला. पायाखाली पट्टी दाबायची, दोन्ही हातांनी लाकडी मूठ धरून वाकायचं, तो. "हा न्या. तुमच्या नातवंडांनाबी पुरंल."

"आन सायकल कुठं ठेवू?" शमीम म्हणाली. "ह्याच्या कॅरियरवर?"

आम्ही मोकळ्या हातांनी परतलो. पंप नसता तर चाललं असतं, पण सायकल शर्यतीचा तुमचा नियम शाळेत वाचून दाखवला होता. प्रत्येक स्पर्धकाकडे पंप हवा, वाटेत बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही. नियम बरोबर होता. शर्यतीचा रस्ता मैदानापासून फाट्यापर्यंत आणि परत. दोन्ही कडेला बाभळी. त्या रस्त्यावर काटा लागणार की नाही हा प्रश्न नव्हता, कुणाला लागणार हा होता.

आणि जिल्ह्यातून मुलींमधली एकच पुढं जाणार होती. पुण्याला राज्याच्या चाचणीला. तिथं नुसतं पळून आलं तरी प्रमाणपत्र मिळायचं आणि ते असलं की पोलीस भरतीत खेळाडूंची वेगळी रांग. मला त्या रांगेत उभं राहायचं होतं. शमीमलाही. आम्हा दोघींचं वय पुढच्या वर्षी त्या गटात बसणार नव्हतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, सांगून ठेवलं होतं, "यंदा काय ते करा. पुढच्या साली सायकल घरात ऱ्हाईल, पोरगी न्हाई." शमीमच्या घरी वेगळ्या शब्दांत हेच ठरलं होतं.

गावात चालू हालतीतला एकच पंप होता. तो वत्सला सिस्टरचा.

सिस्टर सरकारी दवाखान्याच्या. वाड्यावस्त्यांवर बाळंतपणाला सायकलनं जायच्या. त्यांचा पंप म्हणजे हातभर लांब पोलादी नळकांडं, एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला आट्याचं भोक. त्या भोकात कापड गुंडाळलेली तेवढीच लांब रबरी नळी फिरवून बसवायची. नळीचं दुसरं टोक चाकाच्या व्हॉल्व्हवर. नळी काढली की उरलं ते फक्त नळकांडं. हे नीट ध्यानात ठेवा साहेब, कारण पुढं तुम्ही ते विसरलात.

शमीमनं अंगठा लावला, मी दाबलं. अंगठा उडाला.

"हाच," शमीम म्हणाली.

"हाच म्हणजे?" सिस्टर म्हणाल्या. "दवाखान्यात आलात की भाजीबाजारात? परत कधी आणून देणार?"

"शर्यत झाली की लगेच."

"आणि त्या दिवशी कुणाचे दिवस भरले तर? मी काय बाळाला सांगू, थांब रे, पंप शर्यतीला गेलाय?"

"आम्ही आणून सोडू की तुम्हाला. डबलसीट," मी म्हणाले.

सिस्टरनी आम्हा दोघींना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "न्या. पंप हरवलात तर तुमच्या बाळंतपणाला मी यायची नाही."

पंप मिळाला, पण आता तो न्यायचा कुठं? आडव्या दांडीखाली बांधला की गुडघ्याला लागायचा. कॅरियरवर बांधला की खड्ड्यात उडून मागं पडायचा. शमीमनं ओढणीनं पाठीवर तिरका बांधून पाहिला, तर पारावरची माणसं म्हणाली, "मुलाण्याची पोरगी, कुठल्या गडावर चाललीस?" शेवटी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून सीटच्या खालच्या उभ्या दांडीला आवळला, तिथं तो गप्प बसला. पण सायकल जड झाली.

आणि तिथूनच भांडण लागलं.

"तू ने," शमीम म्हणाली. "तुझी मांडी मजबूत हाय."

"आन तुला काटा लागला तर?"

"तू थांबशील की."

"आन मी न्हाई थांबले तर?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग मीच नेते."

"आन मला काटा लागला तर?"

आम्ही चौथीपासूनच्या मैत्रिणी. एका ताटात जेवलेल्या. पण पुण्याला एकच जाणार होती, आणि हे दोघींनाही पाठ होतं. ज्यांनी कधी जवळच्या माणसाबरोबर एकच जागा मागितली नाही त्यांनी आम्हाला नावं ठेवू नयेत.

अण्णा ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "पेटीसारखं करा की."

पेटी म्हणजे पिराची. आमच्या गावात पिराचा उरूस सगळं गाव मिळून करतं. दानाच्या पेटीला दोन कुलपं. एक किल्ली आमच्या घरात, एक मुलाण्यांच्या. अण्णा आणि शमीमचे वडील, मुलाणी चाचा, यांची जन्माची दोस्ती. संध्याकाळचा चहा एकत्र. पण एकानं दुसऱ्याच्या हातात आपली किल्ली कधी दिली नाही आणि दुसऱ्यानं कधी मागितली नाही. पेटी उघडायची तर दोघांनी यायचं. एक आजारी असेल तर पेटी बंद. त्यामुळंच दोस्ती टिकली, असं दोघंही सांगायचे.

"नळी एकीकडं, पंप एकीकडं," अण्णा म्हणाले. "मग कोण कुणाला सोडून जातंय बघू."

आता कुणी म्हणेल, हा कसला खुळेपणा, दोघींनी मिळून ज्याचा उपयोग ती वस्तू एकमेकींवर भरवसा नाही म्हणून तोडायची. आम्हाला तेव्हा त्यात खुळेपणा दिसला नाही. आम्हाला पेटी दिसली. पंप माझ्या दांडीला राहिला. नळी शमीमनं वेणीत रिबिनीसारखी गुंफली.

आता या तुम्ही.

सकाळ. मैदान. मांडवाच्या तोंडाशी टेबल. तुम्ही पांढरी टोपी घातलेली, गळ्यात शिट्टी. माझ्या पुढं संज्योत होती, जिल्ह्याच्या क्लबची मुलगी. तिच्या सायकलीला नवा कोरा पंप, त्याच्यावरचा प्लॅस्टिकचा कागदही निघाला नव्हता. तुम्ही मान हलवलीत. मग माझ्या दांडीकडे बघून मान हलवलीत. मग शमीम.

"पंप?" तुम्ही विचारलंत.

शमीमनं वेणी पुढं घेतली, सोडली, नळी काढली आणि टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"पंप, साहेब."

"ही नळी आहे."

"व्हय. बाकीचा पंप तिच्याकडं हाय."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. माझ्या सायकलीपाशी आलात. खाली वाकलात. पंपाच्या तोंडाला, जिथं नळी बसते तिथं, बोट घालून पाहिलंत. साहेब, तुम्ही बोट घातलंत.

"म्हणजे हिच्याकडे नळी, हिच्याकडे पंप?"

"व्हय साहेब," मी म्हणाले. "म्हंजे एकीला सोडून एक जाणार न्हाई."

आणि तुम्ही ती नळी उचललीत. एक टोक कानाला लावलंत, दुसरं तोंडापाशी धरलंत आणि म्हणालात, "हॅलो! पंप आहे का घरी?"

सगळे हसले. टेबलावरचा माणूस हसला, संज्योत हसली, आम्हीही हसलो. तुम्ही सगळ्यांत जास्त हसलात. चष्मा काढून डोळे पुसलेत. नळी शमीमला परत दिलीत आणि म्हणालात, "चालेल. दोघींत एक पंप. जोडीनं पळा."

शमीमनं नळी परत वेणीत घातली. तुम्ही शिट्टी वाजवलीत.

जाताना काही झालं नाही. फाट्यावर वळलो तेव्हा शमीम पुढं, तिच्या मागं मी, संज्योत आमच्या बरीच मागं. बाकीच्या मुली कधीच्या मागं राहिल्या होत्या. परतीच्या चढावर माझं मागचं चाक डुलायला लागलं. मी उतरून बोटानं दाबलं. टायर दाबला गेला. काटा दिसत होता, आख्खा, पांढरा.

"शमीऽऽम! नळी!"

तिनं मागं वळून पाहिलं. थांबली नाही. वळणाला बाभळी होत्या, त्यांच्याआड गेली.

मी पंप सोडवून हातात घेतला. तालुक्यातला सगळ्यात भरवशाचा पंप माझ्या हातात होता आणि त्याला तोंड नव्हतं. आजूबाजूला कुणी नाही. एक मेंढरू होतं, ते बघत होतं.

संज्योत आली. वेग कमी केला तिनं, हे मी तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

"पंक्चर?"

"व्हय."

"पंप आहे की हातात."

"हाय."

"मग?"

"नळी पुढं गेलीय."

तिचा चेहरा हसण्याच्या बेताला आला होता, तो तिनं आवरला आणि निघून गेली. तिचंही बरोबर होतं. तीही त्याच एका जागेसाठी पळत होती.

मग मी अण्णांना शिव्या दिल्या. पिराच्या पेटीला दिल्या. शमीमला दिल्या त्या लिहिता येणार नाहीत. आणि शिव्या संपायच्या आत वळणावरून सायकल आली. उलटी. माझ्याकडं. केस सुटलेले, नळी दातात.

"बघतीस काय, पंप धर!" नळी तोंडातून काढत ती ओरडली.

"तू आलीस?"

"न्हाई, माझं भूत आलंय. धर म्हटलं ना!"

मी काटा उपसायला गेले तशी तिनं हातावर चापट मारली. "काटा काढू नको. काटाच बूच हाय." तिनं नळी फिरवली, मी दाबत राहिले. चाक भरलं. नळी तिनं या वेळी गळ्यात बांधली.

"का आलीस?" मी विचारलं.

"नुसती नळी घिऊन काय करू? पुढं मला काटा लागला तर? फुकू तोंडानं?" ती सायकलवर बसली. "आधी त्या क्लबवालीला गाठायचं. मग आपलं आपण बघू."

आम्ही गाठलं. कसं ते दर वेळी सांगताना वेगळं सांगितलं जातं, म्हणून लिहीत नाही. एक पुढं होऊन वारा अंगावर घ्यायची, दुसरी तिच्या मागं दम घ्यायची, मग पालटायची. मार्केट यार्डाच्या भिंतीपाशी संज्योत मागं पडली. त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींना ओळखत नव्हतो. मी कोपर मारलं, तिनं शिवी दिली. शमीम अर्ध्या चाकानं पहिली आली. मी दुसरी. मी सायकल फेकली आणि रडले, कारण मी हरले होते. खरं हरले होते. ते रडणं मला अजून आवडतं.

पाणी पितोय तोवर माइकवर आमची नावं पुकारली.

मांडवात तुमच्या शेजारी पाहुणे आले होते. सकाळी नव्हते. हार, शाल, मोठी खुर्ची. ते वरचे कोणी साहेब होते आणि तुमची खुर्ची त्यांच्या हातात होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. मोटारसायकलवरून रस्त्यावर लक्ष ठेवणारा तुमचा माणूस टेबलापाशी उभा होता.

"ही मुलगी शर्यतीत उलट्या दिशेनं आली," तो म्हणाला.

"का आलीस?" तुम्ही शमीमला विचारलंत.

"नळी द्यायला, साहेब."

"कसली नळी?"

मला वाटलं, तुम्ही पुन्हा गंमत करताय. मी हसलेसुद्धा.

"पंपाची," शमीम म्हणाली. "सकाळची."

पाहुण्यांनी तुमच्याकडं पाहिलं. "प्रत्येकीकडे पंप हवा असा नियम आहे ना?" ते म्हणाले. "मग हिला सोडलं कुणी?"

तुम्ही पाण्याचा पेला उचललात. प्यायला नाहीत. ठेवलात.

"मी पाहिलं नाही," तुम्ही म्हणालात. "हिनं वेणीत काय लपवलं होतं ते आम्हाला कसं दिसणार?"

शमीमचा हात गळ्यातल्या नळीवर गेला. "साहेब, तुम्ही फोन केला की त्याच्यावरनं," ती म्हणाली.

मांडवात कुणीतरी खो खो हसलं. पाहुणे हसले नाहीत.

"काहीतरी बोलू नकोस. तुझ्याकडे पंप नव्हता. तू बाद." मग तुम्ही माझ्याकडं वळलात, आणि तुमचा आवाज एकदम मऊ झाला. "हिच्या सायकलीवर पंप आहे. ही नियमात बसते. हिला पहिली धरा."

साहेब, मला सांगायला लाज नाही, माझ्या पोटात आनंद झाला. पोटाला कुठं नियम कळतो? मला ती वेगळी रांग दिसली. शमीमनं माझ्याकडं न बघता, ओठ न हलवता म्हटलं, "गप घे."

मी दांडीचा पंप सोडवला. टेबलावर, तुमच्यासमोर ठेवला.

"साहेब, ह्यानं हवा भरून दाखवा."

"काय?"

"नळी न लावता भरून दाखवा. भरली तर मी नियमात. न्हाई भरली तर माझ्याकडंबी पंप नव्हता. मग दोघी बाद, न्हाईतर दोघी पास. तुम्ही सकाळी म्हणालात, दोघींत एक पंप. एवढं फक्त कबूल करा, साहेब, मग तिला पहिली धरा. ती पहिली आलीय. मी हरलीय."

"मालन," शमीम म्हणाली. "गप बस."

"एवढंच म्हणा, साहेब. पाहिलं होतं म्हणा."

तुम्ही पंपाकडं पाहिलं नाहीत. पाहुण्यांकडं पाहिलंत. मग माइकमध्ये म्हणालात, "मी पाहिलं नाही. दोघीही बाद. संज्योत पहिली."

टाळ्या वाजल्या. मनापासून वाजल्या, कारण मागं बसलेल्यांना काय झालं ते कळलंच नव्हतं.

नळावर संज्योत तोंड धूत होती. मला बघून तिनं पदक गळ्यातून काढून खिशात घातलं.

"मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "सर हसले तेव्हा मी पण हसले."

"मग सांग की जाऊन."

"सांगितलं तर मी तिसरी."

तिनं नळ बंद केला आणि गेली.

गावाकडं परत निघालो तेव्हा शमीम माझ्याशी बोलत नव्हती. ती पुढं, मी मागं. पण माझ्या चाकात काटा तसाच होता. थोडं गेलं की चाक बसायचं. मी थांबायची. पंप माझ्याकडं, नळी तिच्याकडं. ती पुढं थांबायची, सायकल वळवायची, यायची, तोंड फिरवून नळी लावायची, मी दाबायची, ती नळी काढून घ्यायची आणि पुढं निघायची. आम्हाला भांडून वेगळं होताच येईना.

असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी तिनं नळी लावली आणि तिथंच बसून राहिली.

"एक तर गेली असती," ती म्हणाली. "मी न्हाई तर तू. तुला कुणी सांगितलं हुतं शहाणपण करायला?"

"तू पहिली आली हुतीस."

"मला माहीत न्हाई व्हय, मी कितवी आले ते? मी तुला घे म्हणाले. माझं हुतं, मी दिलं. तू कोण नको म्हणणारी?"

"ते तुझं न्हवतं द्यायला. त्यांनी तुझ्याकडनं काढून मला दिलं हुतं."

"मग काय झालं! आता दोघी बसू भाकऱ्या थापत." ती उठली. "तू काय मला पिराची पेटी समजलीस? एक किल्ली नसली की बंद?"

मी दाबायचं थांबले.

"तू मग मागं कशाला आलीस?" मी म्हणाले. "पुढं हुतीस. काटा मला लागला हुता. गेली असतीस तर कुणी इचारलं नसतं. आज पुण्याला तूच."

तिनं वाकून नळी पुन्हा घट्ट केली. मग म्हणाली, "दाब. अंधार व्हायच्या आत पंप द्यायचाय सिस्टरला."

दोघी पुण्याला गेलो नाही. त्या रांगेत कधी उभ्या राहिलो नाही. पुढच्या वर्षी सायकली घरात राहिल्या. मी शेजारच्या तालुक्यात गेले, शमीम मिरजेला. वर्षभर तिनं मला सासरहून एक निरोप धाडला नाही. मग तिला पहिली मुलगी झाली आणि तिनं मलाच बोलावलं. मी गेले. शर्यतीबद्दल ती बोलली नाही, मीही नाही. वत्सला सिस्टरची आमची लग्नं व्हायच्या आधीच बदली झाली होती. जाताना त्यांनी पंप आमच्या घरी टाकला होता. म्हणाल्या, "नव्या जागी जीप आहे म्हणे. तुम्हीच ठेवा. भांडू नका." आम्ही भांडलो नाही. पंप माझ्याकडं राहिला. नळी शमीम घेऊन गेली.

आता हे सगळं आज का, ते सांगते.

गेल्या आठवड्यात संज्योतचा फोन आला. जिल्ह्याच्या खेळाच्या कामात ती आता मोठ्या हुद्द्यावर आहे, तुम्हाला माहीतच आहे. ती म्हणाली, सरांचा सत्कार आहे, पंच म्हणून आयुष्यभर निष्पक्ष काम केलं त्याबद्दल. अंक निघतोय. जुन्या खेळाडूंच्या आठवणी हव्यात. तू लिहितेस असं कळलं.

"चांगल्या दोन ओळी पाहिजेत का?" मी विचारलं.

मग ती म्हणाली, "ओळी किती ते तू ठरव. मी कापणार नाही. तेवढं तरी मी करते."

मी शमीमला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिही की. पण माझी वेणी नीट लिही." नंतर तिनंच उलटा फोन केला. म्हणाली, "येऊ का मीबी? नळी हाय अजून. रबर कडक झालंय, पण हाय."

तेव्हा साहेब, सत्काराला आम्ही दोघी येतोय. माझ्याकडं पंप असेल, तिच्याकडं नळी. शाल नारळ झाला की आम्ही टेबलापाशी येऊ. घाबरू नका, आम्हाला पदक नको, प्रमाणपत्र नको, आमच्या पोरीबाळी आपापल्या रांगांत कधीच्या उभ्या राहिल्या. तुम्ही फक्त ती नळी हातात घ्या. त्या सकाळी लावली होतीत तशी एक बाजू कानाला लावा, दुसरी तोंडापाशी धरा. माइक चालूच असेल.

आणि सांगा. पाहिलंच नव्हतं, तर हसलात कशाला?

हॅलो. आम्ही ऐकतोय. बोला.